दुसऱ्या ओळीनंतरची हाक

बाबा, आज सकाळी भाजी चिरताना तुमचंच गीत गुणगुणत होते, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला माती दिली त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगणार तरी कोण?

अख्ख्या वाडीत आपलं एकच लूथरन घर. रविवारी तुम्ही जोत धरत नसायचात. धुतलेला सदरा घालून आम्हाला एसटीने रत्नागिरीच्या चर्चला न्यायचात. उरलेले सहा दिवस मात्र तुमचं चर्च खाचरातच भरायचं. नांगर धरला की गीत सुरू. आवाज खणखणीत, पण सुराशी उभा दावा. चाल तुम्ही अशी लांबवायचात की दुसरी ओळ संपेतो बांध यायचाच, आणि त्याच दमात तुम्ही बैलाला हाक घालायचात, "हाऽऽ, वळ रे पवळ्या!" मग तिसरी ओळ. बांधापलीकडचे काका रोज चिडवायचे, "तुजा देव भयरा हाय काय रे?" तुम्ही म्हणायचात, "देव नाय, बैल भयरा हाय." पवळ्याही मान हलवायचा, तुम्हाला दुजोरा दिल्यासारखी.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. तुम्ही गेलात ते आषाढात, ऐन लावणीत. आदल्या दिवशी तापातच आईला म्हणालात, "मला मुक्यानं मातीत घालू नको. माजा गीत म्हना." पोस्टातून रत्नागिरीच्या चर्चला ट्रंककॉल लावला. पाळकसाहेब मंडळी घेऊन निघालेही, पण हातखंब्याच्या पुढे रस्त्यात झाड आडवं पडलं आणि ते तिथेच अडकले. त्या दमट हवेत थांबणं शक्य नव्हतं. खड्ड्याकाठी आईने पुस्तकातली प्रार्थना वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी गीत सुरू केलं. पहिली ओळ निघाली, दुसरी काही केल्या निघेना. आईला तर हुंदके आवरत नव्हते. जन्मभर तुम्ही काही मागितलं नाहीत, आणि हे एवढं मागणंही आमच्या हातून निसटत होतं.

तेवढ्यात मागून दुसरी ओळ आली. बांधापलीकडचे काका. घोंगडी मागे सारून, डोळे मिटून, तुमच्याच चालीत, म्हणजे चुकीच्या. मग लावणी सोडून चिखलाच्या पायांनी आलेली सगळी वाडी त्यांच्यामागून गाऊ लागली. कुणीतरी आईला हळूच विचारलं, "टाळ चालतील काय?" तिने मान डोलावली. दुसरी ओळ संपली आणि अख्खी वाडी एका दमात गरजली, "हाऽऽ, वळ रे पवळ्या!"

आई रडता रडता हसली. मीही हसले. प्रत्येक कडव्याला ती हाक आली, एकदाही चुकली नाही. नंतर मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे ता गान्यात नाय? आमी ता तसाच आयकत आलाव." बाबा, मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. वर्षानुवर्षं तुम्ही एकटेच गात होतात असं आम्हाला वाटायचं, आणि इकडे वाडीला गीत तोंडपाठ झालं होतं.

हे पत्र घडी करून तुमच्या गीतांच्या पुस्तकात ठेवते. एक सांगायचं राहिलं. मी आता राहते तिथल्या चर्चमध्ये तेच गीत पेटीवर, अगदी शुद्ध सुरात होतं. दुसरी ओळ संपली की सगळे श्वास घेतात. मी घेत नाही. मी ओठांतल्या ओठांत पवळ्याला वळवते.