पलंग पाहण्याआधी हे वाच

सूनबाई,

पलंग रिकामा दिसेल, म्हणून चिठ्ठी दारालाच अडकवली आहे. घाबरू नकोस, छोटीचा ताप उतरला आहे.

पहाटे तिला दरदरून घाम फुटला. डोळे उघडताच म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्या मच्छरदाणीत काय करताय?" माझा स्वतःवर विश्वास नाही, म्हणून थर्मामीटर पुन्हा पुन्हा लावला. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "काका, पोर भूक भूक करतेय आणि तुम्ही पारा कसला बघत बसलात?"

आम्ही दवाखान्यात गेलो आहोत. हिवतापाची सकाळची गोळी तिने घेतल्या घेतल्या ओकून टाकली. ती पुन्हा द्यायची का, हे मला कळेना. माझ्या कपाटातलं आरोग्याचं पुस्तक काढलं, पण ते माझ्याइतकंच जुनं. नर्सबाईंना विचारलेलं बरं. ताप गेला तरी गोळ्या अर्धवट सोडायच्या नाहीत, एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं आहे.

काल तू रात्रपाळीला निघालीस तेव्हा मी "जा, मी आहे ना" असं ऐटीत म्हणालो. ती ऐट उसनी होती, हे तुला कळलं असणारच. तरी तू गेलीस, याचं मला फार अप्रूप वाटलं.

एक माफी मागायची आहे. तुझ्यासाठी झाकून ठेवलेला भात छोटीने चाटूनपुसून खाल्ला. मी अडवलं नाही.

– बाबा