तोरणमाळचा किवीचा मांडव

२९ जानेवारी २०२२
धर्मेंद्र सहा वर्षांचा असताना शहाद्याच्या ओट्यावर आम्ही मायलेक एकच पेरू आळीपाळीने चावायचो. मऊ गाभा तो माझ्यासाठी ठेवायचा. आज गुडघ्याला गुडघा लावून कलमं बांधताना तेच आठवत होतं.

किवीची अकरा रोपं. रोपाचा खुंट आडवा कापायचा, मधोमध चीर, त्यात बसवायच्या काडीला पाचरीसारखी धार. सालीला साल जुळली की पट्टी. झाडं झोपेत आहेत तोवरच! रस चढल्यावर कापलं तर खुंट गळत राहतो, काडी कुजते. दोन-दोन डोळ्यांच्या काड्या त्यानेच हिमाचलहून आणल्या. माझा लेक!

"मम्मी, फळ धरनं त तू आठेच तोरणमाळले ऱ्हाय. नही त सुरतले चाल मन्हासंगे."
मी दिला शब्द.

१७ मार्च २०२२
नऊ काड्या फुटल्या! तांबूस, लवदार — तान्ह्याच्या कानासारखी पानं.

५ एप्रिल २०२५
फुलं! अख्खा मांडव पांढरा.

२१ एप्रिल
राखणदार सुकराम म्हणाला, "बाई, फूल पडलं. देठाला काहीच नाही."

एक फूल उभं चिरलं. नुसते पिवळे पराग, पोट रिकामं. दुसरं चिरलं. दहावंही. सगळे नर! फळ मादीच्या वेलीला धरतं. तिची एकही काडी कलमात बांधलेली नाही.

२३ एप्रिल
फोनवर धर्मेंद्र हसला. "माले माहीत व्हतं ना! मादी लावली असती त तुले फळं भेटली असती. मंग तू खाले सुरतले कसाले उतरती?"
मागून सून दिपाली — "अहो, हळू बोला!"

तीन वर्षं दर रविवारी विचारायचा, "कलमं कशी शेतस?"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या — सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा. त्यांना मुलगा नव्हता.

२ मे
तो जमिनीला गिऱ्हाईक घेऊन आला. माझ्या बाबांची जमीन, माझ्या नावावरची. मला न विचारता पावलांनी मोजली!
"आते इकी टाकू. तू सामान बांध. शब्द देल शे ना?"
बांधलं.

१० मे
बक्षीसपत्राची नोंदणी झाली. जमीन धाकट्या बहिणीला, रूपाला. तिने मादीच्या काड्या आणून जानेवारीत याच खुंटांवर बांधाव्यात, परागासाठी एखादा नर तसाच ठेवावा. शिलाई मशीन सुकरामच्या बायकोला, कालीबाईला. बांगड्या दिपालीला.

धर्मेंद्रला — मी. उद्याच्या गाडीने.