स्टेक आणि आईची कवळी

प्रिय चिंगे,

आई सुखरूप पोचल्याचं कळलं. तू लिहितेस की पंधरा दिवसांत ती वाळली आहे आणि विचारलं तर ‘दादाकडे मजेत होते’ एवढंच सांगते. एरवी मी लगेच फोन करून तुझ्यावर डाफरलो असतो, पण या वेळी मला तोंड नाही. फोनवर मी विषय बदलतो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय.

कामाच्या दौऱ्यावर निघताना तू मला बजावलं होतंस, तिला सगळं मऊ लागतं, भातसुद्धा जरा जास्त शिजव. मी म्हणालो, तू तिचं पार तान्हं बाळ करून ठेवलं आहेस, माझ्याकडे ती माणसासारखी जेवेल. वर हेही ऐकवलं, की दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्याला तू चावण्याबद्दल शिकवू नकोस. तू फोन ठेवून दिलास. बरोबरच केलंस.

तर मागच्या रविवारी मी आमच्या लॅबच्या साहेबांना बायकोसह दुपारी जेवायला बोलावलं. लॅबच्या काउंटरवरची मुलगी कोरियन मालिकांपायी वेडी झाली आहे. तिनं मला कोरियन पद्धतीच्या स्टेक आणि अंड्यांची कृती लिहून दिली होती आणि ती करून दाखवायचं माझ्या मनानं घेतलं होतं. तुझ्या वहिनीनं ओटा माझ्या ताब्यात दिला आणि कपाळाला हात लावून बाहेर जाऊन बसली. सोया सॉस, लसूण, आलं, तिळाचं तेल, थोडी साखर आणि किसलेलं पेअर. पेअरनं मांस मऊ पडतं म्हणे. त्यात ते रात्रभर मुरवायला सांगितलं होतं, मी तासभर मुरवलं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, त्यावर बोटभर जाडीचे तुकडे टाकले आणि सगळ्या घरात वास सुटला. कापताना मांसाचा धागा बघून आडवं कापायचं असतं. मी उभं कापलं, कारण लांब पट्ट्या ताटात ऐटबाज दिसतात. गरम भात, त्यावर पट्ट्या, त्यावर कडा कुरकुरीत झालेलं अंडं, बलक अजून हलता, बाजूला ती लाल मिरचीची गोडसर पेस्ट आणि वरून भाजलेले तीळ. फोटो काढावा असं दिसत होतं. चावायला मात्र चप्पल. साहेब सभ्य माणूस, जबडा सांभाळत तारीफ करत होते आणि मी फुगत होतो.

आई भात आणि अंडं खात होती. मांसाचा तुकडा तोंडात घालायची, बराच वेळ घोळवायची, मग मांडीवरच्या कागदी रुमालात हळूच काढायची. मला ते दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढी मेहनत केली आणि ही चारचौघांत माझी शोभा करते आहे, असं वाटलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, आई, आपल्या घरात कुत्रं नाही, कुणासाठी बांधून घेते आहेस? सगळे हसले. तीही हसली. मग तिनं एक पट्टी उचलून तोंडात घातली आणि चावायला लागली. चिंगे, ती किती वेळ चावत होती ते मी सांगू शकत नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाली, मिरची तिखट आहे गं बाई. तिच्या घासाला मिरची लागलेलीच नव्हती.

साहेब तीस वर्षं या धंद्यात आहेत. ते तिच्याकडे बघत होते. ती फक्त पुढच्या दातांनी चावते आणि खालची कवळी जिभेनं दाबून धरते, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, मावशी, दात कुठून करून घेतलेत? आणि आईनं मान ताठ करून सांगितलं, माझ्या लेकानं केलेत, दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आणखी भात मागितला. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी खुशाल आत गेलो असतो.

पाहुणे गेल्यावर मी तिला कवळी काढायला लावली. हिरडीला एका बाजूला जखम होती, तिच्यावर जुन्या जखमेचा कडक वण होता. कवळीची आतली कड खडबडीत झाली होती. ती कड आई नखं घासायच्या कानशीनं घासत होती, चिंगे. कवळी केल्यापासून सहा वर्षं. बोलली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, तू किती हौसेनं केले होतेस.

हौसेनं कसले! आता खरं ऐक. पक्की कवळी बनवण्याआधी दात मेणात बसवून माणसाच्या तोंडात घालून बघायचे असतात. चावा कुठे उंच लागतो, कुठे टोचतं, ते तेव्हाच कळतं. परक्या गिऱ्हाईकाचं मी हे कधी चुकवत नाही. आईच्या वेळी चुकवलं. तिला पुन्हा बोलावणं, पुन्हा एक दुपार घालवणं जिवावर आलं. आईच तर आहे, चालवून घेईल, असं मी मनात म्हटलं होतं. हे शब्द मला लख्ख आठवतात. आणि तिनं चालवून घेतलं.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. त्या दुपारी ती कवळी हातात धरून मी तिला काय सांगितलं, ते तुला माहीत नाही. मी सांगितलं की वयानुसार हिरड्या झिजतात, तुझ्या तोंडाचा आकारच बदलला आहे, त्याला कुणी काय करणार. तिनं मान डोलावली. म्हणाली, माझं तोंडच मेलं वाकडं, तुझ्या कामाला उगाच बट्टा. आणि मी गप्प बसलो. समोरासमोर अजूनही माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून ते तुझ्यावर टाकतोय. हे पत्र तिला पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखव, काही गाळू नकोस. मग तिला तुझ्या गावातल्या कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडे ने. मी हो म्हटल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हातचे दात घालणार नाही, तर मी हो म्हणतोय. आणि तिला सांग, तिच्या तोंडात कधीच काही वाकडं नव्हतं.

तुझाच,
दादा