बेलाला कोण हात लावणार?

१० जुलै, गुरुवार
आज सकाळी अकरा वीसला आपलं आयुष्य बदललं. अक्षरा वही घेऊन आमच्या अप्पांच्या किराणा दुकानात आली. गल्लीत झाडं लावायची, प्रत्येक घराने आणि दुकानाने एक सांभाळायचं, अशी तिची मोहीम. म्हणाली, "रुद्रेश, एक झाड सांभाळशील?" असा आवाज फक्त आपल्या माणसाशी बोलताना लागतो. मी एकवीस म्हणालो. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, तुला एक कॉलेज सांभाळता आलं न्हाई. दुर्लक्ष केलं. कॉलेज मी सोडलं. सर म्हणाले वर्गाबाहेर हो, मी गेटबाहेर झालो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

११ जुलै
१२ ऑगस्टला झाडं मोजणार. ज्याची जास्त जगतील तो अक्षरासोबत जळकोटला मोहीम चालवायला जाणार. लातूरहून जाऊन-येऊन एसटीत पाच तास. सहा महिन्यांत तिच्याशी एकूण चार मिनिटं बोललोय.
स्पर्धेत फक्त सोमेश झेरॉक्सवाला. म्हणजे कुणीच नाही.

१३ जुलै, रविवार
अक्षराने करंज सुचवला. त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही म्हणे. सोमेशने मुकाट्याने पाच करंज घेतले. डोकं नसलं की माणूस आज्ञाधारक होतो. मी बेल निवडला. आमची गल्ली सगळी महादेवाची. बेलाला हात लावायची कुणाची टाप हाय? अक्षरा त्यावर काहीतरी सांगत होती, पण मी तिच्या कानातल्याकडे बघून राहिलो होतो.

२० जुलै
एकवीसच्या एकवीस हिरवेगार. लोक येता-जाता नमस्कार करतात. उमाशंकर मेडिकलवाले रोज तांब्याभर पाणी घालतात. जनजागृती म्हणतात ती हीच. करंजाकडे कुणी ढुंकून बघत नाही. वाईट वाटतं सोमेशचं.

२८ जुलै, सोमवार, सकाळी ७
श्रावणातला पहिला सोमवार. वीस काड्या.

सकाळी ९
उमाशंकरांची कॉलर धरली. ते शांतपणे म्हणाले, "देवासाठी तोडलं बाबा. भाजी केली का मी त्याची?" पंधरा दिवस पाणी कामून घातलं, तेही सांगितलं. तणतणत घरी आलो. अव्वा पूजेला बसलेली. तळहातावर इष्टलिंग, समोर परातभर बेल. कुठून आणला ते विचारलं नाही. आई आहे. तिला पाच-सहा झाडं माफ.
एक झाड वाचलंय. अक्षराच्या दारातलं. देवाचा इशारा स्पष्ट आहे.

४ ऑगस्ट, दुसरा सोमवार
पाटी लावली: 'पान तोडणाऱ्याला महादेव बघून घेईल.' खाली माझं नाव आणि मोबाईल नंबर. दिवसभरात तीन फोन. तिघांनी विचारलं, बेल कुठे मिळेल.
संध्याकाळी अक्षरा भेटली. झाडं कशी आहेत म्हणाली. उभी आहेत म्हणालो. उभी आहेतच.

१० ऑगस्ट, रविवार
काड्या तशाच. आता माणसाच्या हातात काही नाही. नवस बोललो: उद्या झाडामागे एक, अशी एकवीस पानं वाहतो, सगळ्यांना पालवी फुटू दे. विकतचा बेल चालणार नाही. स्वतः लावलेल्याच झाडाचा पाहिजे. लॉजिक आहे.

११ ऑगस्ट, सोमवार, सकाळी साडेसहा
सतरावं, शेवटचंच पान तोडताना दार उघडलं. अक्षरा, हातात झाडू. झाडांसाठीच चाललंय, असं समजावून सांगितलं. तिने झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "काडी तेवढी राहू दे. पाणी मी घालत जाईन."
रागावली नाही. रागावली असती तर काही तरी आशा होती.
सतरा पानं वाहिली. उरलेली चार देव समजून घेईल.

१२ ऑगस्ट, दुपारी अडीच
मोजणी झाली. सोमेश पाच. मी शून्य. ती दोघं दीडच्या एसटीने गेली. जळकोटचा रस्ता तसाही खराबच आहे.
जेवताना अव्वाने विचारलं, रुद्रेशा, येत्या सोमवारी बेल कुठून आणायचा रं. वही मिटतो. या घरातून बाहेर पडतो. दार असं आपटणार होतो की अख्ख्या गल्लीला कळावं. पण अप्पा नुकतेच लवंडलेत. हळूच लावून घेतो.