पुन्हा घडवून दाखवा

सोमवार, ३ मार्च
इस्पितळाच्या तळमजल्यावरची सर्व्हरची खोली आजपासून माझी! थंडगार, स्वच्छ, एक टेबल, एक खुर्ची आणि डोकं खायला कोणी नाही. आधीच्या माणसाने वायरी इतक्या नीट बांधल्यात की त्याला नमस्कार करावासा वाटला. मुक्काम ताईकडे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया, इथेच वरच्या मजल्यावर. ती मजेत आहे, घाबरलोय मी.

बुधवार, ५ मार्च
रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरचं कर्नल, म्हणजे त्याच्या कार्यप्रणालीचा गाभा, आज बदललं. जुन्यापेक्षा झपाट्याने चालतंय. साहेबांनी पाठ थोपटली. मीही जरा फुशारलो.

गुरुवार, ६ मार्च
सव्वाअकराला सर्व्हर हँग झाला. बटण दाबून पुन्हा सुरू केला, चार मिनिटं गेली. वर गेलो तर नोंदणीच्या खिडकीशी गलका. एक आजोबा तेवढा वेळ अर्धा शब्द तोंडात ठेवून, डोळे उघडे, जागच्या जागी थिजले होते. मग शब्द पूर्ण करून औषधाचं विचारू लागले. त्या वेळी पडद्यावर त्यांचीच नोंद उघडी होती. योगायोग, अशी मी मनाची समजूत घातली.

सोमवार, १० मार्च
कसला योगायोग! आज नऊ मिनिटं. नोंद एका बाळंतिणीची. सिस्टर सांगत होती, नाडीच लागेना, मग एकदम लागली. कार्यप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला तक्रार धाडली: कर्नल बदलल्यापासून हे होतंय, जुनं परत घालू द्या. माणसांचंही लिहिलं.

मंगळवार, ११ मार्च
उत्तर आलं. आमच्याकडे असं काही होत नाही, पुन्हा घडवून दाखवा, नाहीतर तक्रार बंद. साहेबांनी हात झटकले. कंपनी मान्य करेल तेव्हाच जुनं कर्नल, म्हणाले. पासवर्ड त्यांच्याकडे. माणसांबद्दलच्या ओळी मला खोडायला लावल्या, हसं होईल म्हणून. माणसं थिजली तर चालतात यांना, हसं झालेलं चालत नाही.

बुधवार, १२ मार्च
कारण सापडलं. एकच नोंद दोन पडद्यांवरून एकाच क्षणी जतन केली, की हँग. परवा ताईची नोंद सर्जनही उघडणार, भूल देणाराही. छाती उघडी असताना — ताईला म्हटलं, तारीख पुढे ढकल. हसली. तूच किती भित्रा रे, म्हणाली. साहेब तर भेटतच नाहीत.

गुरुवार, १३ मार्च
घडवून दाखवायचं, तर कुणाच्या नोंदीवर? कोणाचा जीव घेऊ चाचणीला? कर्मचारी म्हणून माझीही नोंद आहे. माझीच.

कंपनीचा माणूस साहेबांच्या फोनवर, व्हिडिओत सगळं पाहणार. साहेब बटणाशी. दोन मिनिटांनी दाबा, असं दहादा बजावलं. मान हलवली त्यांनी.

अकरा दहा. दोन्हीकडून जतन केलं — गोठला. एकदम नाही होत. आधी पाय. लिहितोय तोवर —

दोन मिनिटं झाली. मान वळत नाही. कान चालू —

फोनवरचा म्हणतोय, दिसलं. दोष मान्य. राखीव सर्व्हरवर आजच जुनं कर्नल घालून नोंदी तिकडे चालवा. ताई वाचली — ताई —

पण तपासायला हा सर्व्हर असाच हवाय त्यांना. गोठलेला. त्यांची माणसं येईपर्यंत बटणाला कोणी हात लावू नका — साहेब हो म्हणतायत — साहेब, मी —