अक्षराखालची रेघ

९ डिसेंबर

उदाजीरावांनी आज मला आरामाचा उपदेश केला. "बाई, झटक्यातून उठलात, आता घरी बसा. नवा प्रोग्राम माउसवर चालतो आणि तुमचा उजवा हात चालत नाही." लॉजचे मॅनेजर आहेत ते, वैद्य कधी झाले कळलं नाही. धारच्या डॉक्टरांनी तर कामाला जा म्हटलंय.

गुरुसप्तमीच्या जैन यात्रेतल्या गर्दीपर्यंत मुदत. तेव्हा माझ्या खिडकीवर यात्रेकरूंची रांग अडली तर खुर्ची गेली.

डाव्या हाताने टायपिंग जमतं. माउस नाही. बाण तीर्थावर, मोहनखेड्याला पोचतो आणि मी अलीकडच्या राजगढातच.

१० डिसेंबर

जुन्या प्रोग्राममध्ये आल्ट दाबून एक अक्षर दाबलं की पावती निघायची. नव्यात बटणं नुसती रंगीत. देवासला वैष्णवीला फोन केला – प्रोग्राम तिने केलाय. "मावशी, कीबोर्ड आता कोण वापरतं? माउस का ज़माना है."

म्हटलं, जमाना तुझा, हात माझा.

हसली आणि फोन ठेवला.

१३ डिसेंबर

इंदू शेजारच्या खिडकीवरून उठून येते आणि माझे क्लिक मारून जाते. "ताई, तुम्ही नाव टाका, खोली मी देते." तिच्या रांगेतला एकजण करवादला, "ओ मॅडम, इधर भी तो देखो." ती तिथूनच, इंदुरी ढंगात – "भिया, खोली कुठं पळत नाहीये. बसो थोडं."

चांगली आहे पोरगी. पण मला असं चालवून घेतलेलं नकोय.

१५ डिसेंबर, रविवार

इंदूरला बस बदलून देवास. न कळवता. वैष्णवी टेकडीच्या पायथ्याशी राहते. दार उघडून पाहते तर मी. तिच्या आईने पोहे दिले. खाल्ले, आणि उठले नाही. शेवटी वैष्णवीने लॅपटॉप उघडला.

काम एवढंसं! बटणाच्या नावात हव्या त्या अक्षराआधी & हे चिन्ह घालायचं. त्या अक्षराखाली रेघ उमटते. आल्टबरोबर ते अक्षर दाबलं की बटण दाबलं जातं. माउसचा संबंध नाही. एवढ्यासाठी मी दोन बसगाड्यांत हाडं खिळखिळी करून घेतली.

तिला सांगितलं, संस्कृतात एम.ए. करताना हेच शिकले – प्रत्येक देवतेचं एक बीजाक्षर, ते म्हटलं की देवता हजर. "मावशी, हे आमच्या कोर्समध्ये नव्हतं," म्हणाली.

१८ डिसेंबर

सुधारलेला प्रोग्राम आला. आल्ट आणि R दाबलं – ढिम्म. Room लाही R, Receipt लाही R! चौकट या बटणावरून त्या बटणावर उड्या मारते, दाबलं कुठलंच जात नाही. एका बीजाक्षराला दोन देवता. दोघी एकमेकींना 'आधी तुम्ही' म्हणताहेत आणि भक्त उपाशी.

फोन. "सॉरी मावशी. Receipt ला C देते."

"आणि Cancel?"

"त्याला एस्केप आहे ना. तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

घेतेच आहे.

२६ डिसेंबर

उजवी मूठ आल्टवर नुसती ठेवायची. वजन टाकण्यापुरती ती अजून नोकरीत आहे. अक्षरं डाव्या हाताकडे.

६ जानेवारी, गुरुसप्तमी

सुरतच्या गाड्या, रतलामच्या गाड्या. नाव, खोली, पावती, किल्ली. मान वर केली नाही. माझी रांग सरली तेव्हा इंदूच्या रांगेतली अर्धी माणसं माझ्याकडे वळली. "ताई, माझे भियासुद्धा पळवलेत," ती म्हणाली.

उदाजीराव मागे उभे होते, बराच वेळ.

"आराम करतेय, साहेब," मी म्हटलं.

७ जानेवारी

हात ठणकतोय. झोप मात्र छान लागली.

९ जानेवारी

खुर्ची राहिली. उदाजीरावांनी स्वतः सांगितलं, पेढाही दिला. मग म्हणाले, "तुम्ही एकट्या दोन खिडक्या ओढता. दुसरी कशाला मग?" इंदूची नोकरी महिनाअखेरपर्यंतच.

उद्यापासून आल्ट बंद. माउस घेणार, डाव्या हातात. अडू दे रांग.