बारावी खुर्ची

रवि. २४ मार्च. झावळ्यांचा रविवार.
प्रभूनं शेवटच्या रात्री बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे गुरुवारी ज्यांचे धुवायचे त्या बाराजणांची नावं पाळकसाहेबांनी वाचली. बारावं नाव रूथचं. माझी सख्खी धाकटी बहीण, आईला माती दिली त्या दिवसापासून चार वर्षं माझ्याशी एक शब्द नाही. बजाजनगरहून येणार म्हणे. माझं काम ठरलेलं: पाणी कोमट करायचं, टॉवेल द्यायचे. बाराही जण घरून साबणानं पाय घासून, नखं कापून येतात. मागच्या वर्षी एकानं तर पावडर लावली होती. प्रभूच्या शिष्यांना एवढी सोय नव्हती.

मंगळ. २६
टॉवेल धुतले. दिवसभरात बोलणं फक्त दूधवाल्याशी, "उद्या अर्धाच." पडेगावात घर घेतलं तेव्हा शांतता हवी होती. मिळाली, भरपूर.
मातीच्या दिवशी रूथ आली तेव्हा मीच चारचौघांत म्हणाले होते, "आता कशाला आलीस? आठ वर्षं हगणंमुतणं मी काढलं." खोटं नव्हतं. नर्सची नोकरी वेळेआधी सोडली, लग्नाचं तर... जाऊ दे.
परवा ती बोलली तर बरं होईल. फार बरं होईल.

गुरु. २८
पाळकसाहेबांची कंबर धरली. म्हणाले, "सिस्टर, यंदा तुम्हीच धुवा." मनात उकळ्या फुटल्या, खोटं कशाला लिहू. एकेकापुढं गुडघे टेकत गेले. अकरा झाले. रूथपुढं तस्त सरकवलं तर तिनं पाय वर घेतला.
"नको अक्का. तुझं केलेलं लई झालं माझ्यावर. तू बस इथं खुर्चीवर. मी धुते तुझे."
सगळं देऊळ बघत होतं. माझ्या तोंडून निघालं, "माझे धुतलेलेच हायेत."
रूथ उठली. चपला हातात घेऊनच बाहेर गेली. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. मी तस्त उचललं आणि मागच्या दारानं पाणी ओतून आले.

शुक्र. २९. उत्तम शुक्रवार.
गुडघे सुजलेत. भिंत धरून मोरीपर्यंत, बस. तीन तासांची उपासना आयुष्यात पहिल्यांदा चुकली. शेजारीण दारातून विचारून गेली, "काय लागलं तर सांगा सिस्टर." म्हणाले, "माझं मी बघते." ती गेल्यावर स्वतःचाच राग आला. हे एक वाक्य मी किती वर्षं म्हणतेय!
आज दुपारभर एकच डोक्यात. प्रभूनं प्राण दिला आणि कुणाला ऐकवून दाखवलं नाही. मी आठ वर्षं दिली आणि रोज ऐकवली. तोंडानं नाही तर तोंड फिरवून. रूथ रविवारी आईला भरवायला यायची, तर मी वाटी हातातून घ्यायचे, "तुला जमायचं नाय." तिला काही करूच दिलं नाही. मग म्हणाले, काही केलं नाहीस.
प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रही आधी नकोच म्हणाला होता. पण त्यानं शेवटी ऐकलं. मी...

शनि. ३०
काही नाही. फोन हातात घेतला, ठेवला. तीनदा.

रवि. ३१. पुनरुत्थानाचा रविवार.
पहाटे सगळे कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गेले असतील. मी खाटेवर. आठ वाजता रूथला फोन केला.
"कोण?"
"मी. गुडघे सुजलेत. उठता येत नाय. येतेस का?"
मागं कुकरची शिट्टी झाली.
"तू मला बोलावतीयस? कामाला?"
"व्हय."
"बघते," म्हणाली. ठेवला.
साडेअकरा झाले. अजून आलेली नाही. सकाळपासून चहा घेतलेला नाही. भिंत धरून स्टोपाशी जाता आलं असतं, तशी एकदा उठलेही होते. परत बसले. आली तर तिलाच सांगणार आहे, कर म्हणून.